सरावात पुन्हा पुन्हा धडधड होते? आधी ईसीजी पकडा

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, आठशे मीटरची धावपटू. इंटर्व्हल सरावाचा चौथा राऊंड संपतो आणि अचानक छाती धाडधाड उडू लागते. बाकीच्या पोरींचे ठोके दोन-तीन मिनिटांत खाली येतात, हिचे वीस मिनिटं तसेच. सर तिला गाडीवर बसवून जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथे नंबर लागेपर्यंत धडधड जशी आली तशी एका क्षणात बंद. ईसीजी नॉर्मल. "काही नाही, परीक्षेचं टेन्शन असेल, पाणी पीत जा," असं सांगून घरी पाठवतात. दोन महिन्यांनी जिल्हा स्पर्धेच्या वॉर्मअपमध्ये पुन्हा तेच.

असं ज्यांच्या घरात चाललंय त्यांच्यासाठी हा लेख. त्यांनी एक गोष्ट धरून ठेवावी: धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. तो हाती नसेल तर प्रत्येक डॉक्टर अंदाज बांधतो, प्रत्येक नातेवाईक सल्ला देतो आणि मूल एकतर उगाच खेळ सोडतं किंवा नको तेव्हा खेळत राहतं. तो मिळाला की बहुतेक प्रश्न सुटायला लागतात.

पण काही मुलांच्या बाबतीत अशी वाट बघायची नसते. आधी ते बघू.

वाट न बघता सराव थांबवायचा तो कधी

धावता धावता, पोहता पोहता, चढाई करताना शुद्ध गेली, तर त्याच दिवसापासून सराव बंद आणि हृदयतज्ज्ञाकडे तातडीने. इथे एक फरक नीट समजून घ्या. शर्यत संपवून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसणं बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. पायांत रक्त साचतं, रक्तदाब पडतो. ऐन वेगात असताना कोसळणं ही वेगळी गोष्ट. म्हणून जे प्रत्यक्ष बघत होते त्यांना विचारा: पाय चालू असताना पडला की थांबल्यावर? पडताना हात पुढे केले होते का, की सरळ तोंडावर आपटला? हृदय थांबल्यावरही हातपाय झटकतात, त्यामुळे अशा घटनेवर "फिट आली" असा शिक्का बसतो आणि मूल मेंदूच्या डॉक्टरांकडे जातं. फिटचं निदान झालेलं असेल, पण ती फक्त खेळतानाच येत असेल, तर ईसीजी पुन्हा बघून घ्या.

दुसरं, घराण्याचा इतिहास. पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलंय का? पट्टीचा पोहणारा काका विहिरीत बुडाला, मामा झोपेतच गेला, चुलतबहिणीला अलार्म वाजला की चक्कर यायची, असल्या गोष्टी घरात "नशीब" म्हणून सांगितल्या जातात. डॉक्टरांसाठी त्या महत्त्वाच्या खुणा असतात. लाँग क्यूटी नावाच्या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात पोहणं आणि दुसऱ्यात अचानक झालेला मोठा आवाज, ही घात करणारी ठरलेली निमित्तं आहेत. आजीला फोन लावा, तिला सगळं माहीत असतं.

तिसरं, धडधडीबरोबर छातीत दुखणं. आणि चौथं, नुकताच ताप, फ्लू, डेंगी किंवा कोविड होऊन गेला असेल आणि त्यानंतर दम लागणं, ठोके चुकणं सुरू झालं असेल, तर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. ती आढळली तर सहसा तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवतात. अंगात ताप असताना "घाम गाळला की उतरतो" म्हणून पळवणारे सर अजूनही आहेत. त्यांचं ऐकू नका.

साधी धडधड आणि झटका

मेहनत करणाऱ्या खेळाडूचं हृदय तसंही नेहमीच्या मापात बसत नाही. पहाटे उठल्यावर मिनिटाला ४०-४५ ठोके, श्वासाबरोबर कमी-जास्त होणारी लय, मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखं वाटणं, हे सगळं निरोगी खेळाडूंमध्ये दिसतं. खेळाडूंची सवय नसलेल्या डॉक्टरांना ते विचित्र वाटू शकतं, त्यामुळे मूल आठवड्याला किती तास सराव करतं हे आधीच सांगा.

श्रमाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. लयीचा झटका बटण दाबल्यासारखा सुरू होतो आणि बहुधा तसाच बंद होतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघणाऱ्या झटक्यात, म्हणजे एसव्हीटीत, ठोके बहुतेकदा मिनिटाला १८० ते २५० असतात आणि अगदी नियमित पडतात. गळ्यात काहीतरी फडफडतंय असं मुलं सांगतात. झटका संपल्यावर भरपूर लघवी होते. हा दुसरा तपशील कुणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो.

वहीत एवढं टिपा: तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं, कसं सुरू झालं, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं, आदल्या रात्रीची झोप, त्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं, कोणतं औषध घेतलं. मुलींनी पाळीची तारीखही लिहावी, काहींमध्ये झटके त्या दिवसांत वाढतात. वही मुलाने स्वतः लिहावी. आईने लिहिलेल्या वहीत आईची भीतीही उतरते.

नाडी मोजायची ती मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनी आणि मधलं बोट ठेवून. १५ सेकंद मोजा, चारने गुणा. एसव्हीटीत इतक्या वेगाने मोजता येत नाही; मग "मोजता येत नव्हती, पण एकसारखी होती" किंवा "वेडीवाकडी होती" एवढं लिहिलं तरी ते कामाचं आहे.

घड्याळाबद्दल थोडं. मनगटावरच्या घड्याळाचा हिरवा दिवा धावताना कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतो, आणि पावलं मिनिटाला १७०-१८० पडतात. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण तोही कोरडा असेल तर भलते आकडे दाखवतो. एकदा २३० दिसलं म्हणून घाबरू नका. मात्र आलेख एका उडीत २३० वर गेला, दहा मिनिटं तिथेच सपाट राहिला, त्याच वेळी मुलाला धडधड जाणवत होती आणि मग तो एका उडीत खाली आला, तर तो आलेख जपून ठेवा.

ईसीजी कसा पकडायचा

पहिला मार्ग सगळ्यात साधा: झटका आला की जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे पोचा. मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट नको. मैदानापासून पाच-दहा मिनिटांवर कुठे मशीन आहे, संध्याकाळी सातला तिथे कुणी असतं का, हे सरांनी आणि पालकांनी आधीच जाऊन बघून ठेवावं. दारात शिरताना सांगायचं वाक्यही ठरवून ठेवा: "धडधड आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा, केसपेपर नंतर." बारा लीडचा पूर्ण ईसीजी मागा. झटका थांबवायला ॲडेनोसिनचं इंजेक्शन देणार असतील, तर देताना मशीन चालू ठेवून लांब पट्टी काढायला सांगा. झटका कसा तुटला यावरून तो कुठून निघतो हे कळतं. (त्या इंजेक्शनने काही सेकंद छाती आवळल्यासारखी, जीव जातोय अशी भावना होते. मुलाला आधी सांगून ठेवा.) पट्टीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, त्यामुळे मोबाइलवर फोटो त्याच दिवशी.

कागदावर वेग बघायची युक्ती आहे. दोन उंच सुळक्यांच्या मध्ये मोठे चौकोन किती ते मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. चार चौकोन असतील तर ठोके ७५. दीड चौकोन असेल तर २००. डॉक्टरांच्या आधी निदान करण्यासाठी हे सांगत नाही. कागद खरंच झटक्याच्या वेळचा आहे की झटका उतरल्यावरचा, एवढं तुम्हाला कळावं म्हणून.

झटके आठवड्यातून एकदोनदा येत असतील तर होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, किंवा छातीवर चिकटवायचा एक-दोन आठवड्यांचा पॅच. २४ तासांचा होल्टर लावून त्या दिवशी मुलाला घरी बसवायचं, ही तपासणी वाया घालवायची उत्तम पद्धत. होल्टर लावून नेहमीचा सराव करू द्यावा, डॉक्टरांनी मनाई केली असेल तेवढं सोडून. झटके महिन्या-दोन महिन्यांनी येत असतील तर बोटं ठेवून ईसीजी घेणारं खिशातलं यंत्र किंवा ईसीजीची सोय असलेलं घड्याळ उपयोगी पडतं. वेग जास्त असला की त्यातलं ॲप बऱ्याचदा "निष्कर्ष नाही" म्हणतं. तिकडे दुर्लक्ष करा, पट्टी सेव्ह करा, डॉक्टर ती वाचू शकतात. आणि शुद्ध हरपण्याचे प्रसंग फार विरळ पण गंभीर असतील, तर त्वचेखाली बसवायचा छोटा लूप रेकॉर्डर, जो काही वर्षं चालतो.

मैदानावर त्या क्षणी

शुद्ध असेल तर खेळ थांबवा, सावलीत बसवा, एकटं सोडू नका. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, घाम फुटून चेहरा पांढरा पडला असेल तर थेट हॉस्पिटल.

एसव्हीटीचं निदान झालेलं असेल आणि डॉक्टरांनी शिकवलं असेल, तरच पुढची कृती. मूल अर्धवट रेललेलं बसतं. हातात १० मिलीची रिकामी सिरिंज, सुई नसलेली. तिच्या तोंडात फुंकून आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. फुंकणं संपताक्षणी दुसऱ्याने त्याला आडवं करून दोन्ही पाय साधारण ४५ अंशांवर उचलून धरायचे, १५ सेकंद. मग पुन्हा बसतं करायचं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली, नुसतं बसून जोर लावणाऱ्यांत १७ टक्क्यांची. सरावाच्या पिशवीत सिरिंज ठेवा आणि एका मित्राला पाय धरायला शिकवून ठेवा. मानेची शीर चोळण्याचा उद्योग कुणी करू नये.

आणि मूल कोसळलं, हाक मारून ओ देत नाही, श्वास नाही किंवा मधूनच आचके देतंय, तर पाणी शिंपडणं, कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं यात एक सेकंदही घालवू नका. एकाने १०८ ला फोन करायचा, एकाने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, न थांबता. एकाने एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पळायचं, असेल तर. विजेचा झटका मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक, छाती दाबली जात नसेल तर, वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला तेव्हा मैदानातच छाती दाबणं सुरू झालं आणि मैदानातच शॉक दिला गेला. आपल्याकडच्या किती मैदानांवर एईडी आहे हे विचारत बसण्यापेक्षा क्लबच्या पुढच्या बैठकीत तो विषय काढा. ट्रॉफ्यांवर जेवढा खर्च होतो त्यातला काही भाग इकडे वळवला तरी पुरे.

तपासण्या, आणि त्या करून घेण्याची रीत

पहिली भेट हृदयतज्ज्ञाकडे. झटके पक्के असतील तर पुढची इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडे, म्हणजे हृदयाच्या विद्युतप्रवाहात खास शिकलेल्या डॉक्टरांकडे. असे तज्ज्ञ मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहेत. तिथवर जाण्याआधी गावात होणारं करून घ्या: शांत असतानाचा ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम. लोह कमी असलेल्या मुली ठोके वाढतात म्हणून येतात आणि त्यांना हृदयाचं काहीच नसतं, हे वारंवार घडतं.

शांत ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू दिसू शकतो. यात वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेचा एक जादा मार्ग जन्मतःच असतो. पण ही खूण कधी दिसते, कधी लपते, म्हणून जुने सगळे ईसीजी सोबत न्या. इकोत स्नायूची जाडी, झडपा आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जिथून निघायला हव्यात तिथूनच निघतात का हे बघायला सांगा.

स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर पळवत ईसीजी घेणं, हा खेळाडूंच्या बाबतीत वरवर उरकला जाणारा प्रकार. अपेक्षित कमाल ठोक्यांच्या ८५ टक्के झाले की पट्टा थांबवायची पद्धत आहे. चाळिशीतल्या गृहस्थांना ती ठीक, पण ज्याचा त्रास पूर्ण ताकदीवरच सुरू होतो त्या खेळाडूचं त्यात काहीच दिसत नाही. दमून "बास" म्हणेपर्यंत पळवा, आणि थांबल्यावरही काही मिनिटं नोंद चालू ठेवा, अशी विनंती करा. सीपीव्हीटी नावाच्या विकारात शांत ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल असतात. ठोके बिघडतात ते फक्त श्रमात किंवा भावनेच्या भरात. ते या टेस्टमध्येच पकडलं जातं. स्नायूबद्दल शंका असेल तर हृदयाचा एमआरआय.

निदान झाल्यावर

एसव्हीटी किंवा डब्ल्यूपीडब्ल्यू निघाला तर खेळाडूसाठी माझा कल सरळ ॲब्लेशनकडे आहे. रोज गोळी घेऊन खेळणं वर्षानुवर्षं जमत नाही. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. मोठ्या मुलांना बहुधा जागं ठेवूनच करतात. डॉक्टर मुद्दाम झटका सुरू करतात आणि टेबलावरच्या मुलाला विचारतात, "हेच का ते?" पोरगं "हो, हेच" म्हणतं, आणि इतके महिने "टेन्शन" ऐकलेल्या आईबापांना बाहेर निरोप येतो की सापडलं. मग तो जादा मार्ग उष्णतेने किंवा गोठवून बंद करतात. नेहमीच्या एसव्हीटीत यश ९५ टक्क्यांच्या आसपास. नैसर्गिक मुख्य मार्गालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका साधारण एक टक्क्याहून कमी, पण तो आहे, तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी "आमच्या मुलाचा मार्ग मुख्य मार्गापासून किती जवळ आहे?" असं विचारा. नंतर काही आठवडे मधूनच ठोका चुकल्यासारखं होतं, त्याने घाबरायचं नाही. परत सराव साधारण एक ते चार आठवड्यांत, मांडीची जखम आणि डॉक्टर दोघांची परवानगी घेऊन. खर्चाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

अमेरिकेची जलतरणपटू डॅना व्होल्मर हिला २००३ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, एसव्हीटीवर हीच प्रक्रिया करावी लागली. पुढे लाँग क्यूटीचीही शंका निघाली. तेव्हा तलावाच्या काठी एईडी ठेवून ती पोहत राहिली. २००४ ला अथेन्समध्ये रिलेचं सुवर्ण, २०१२ ला लंडनमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह.

याउलट हँक गॅदर्स. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधला अव्वल खेळाडू. ९ डिसेंबर १९८९ ला सामन्यात कोसळला, खालच्या कप्प्यांतल्या लयीचा विकार निघाला, बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, सुरू झालं. गोळीने खेळ मंदावतो ही त्याची तक्रार, मग मात्रा कमी होत गेली. ४ मार्च १९९० ला तो पुन्हा सामन्यात कोसळला आणि गेला, वय २३. गोळीने पाय जड होतात ही तक्रार खरीच असते, मुलाला खोटं ठरवू नका. पण मात्रा हलवायची ती डॉक्टरांनी, पुन्हा स्ट्रेस टेस्ट करून. मुलाने, सरांनी किंवा उपांत्य फेरीच्या तारखेने नाही.

खालच्या कप्प्यांचे, स्नायूंचे, आनुवंशिक विकार असतील तर प्रश्न अवघड होतो. काहींना छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे लय बिघडली की आतूनच शॉक देणारं यंत्र, बसवावा लागतो. एरिक्सनला तो बसवला. इटलीच्या नियमांमुळे तिथे खेळता येईना, म्हणून तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून २०२२ मध्ये मैदानात उतरला. म्हणजे एकाच हृदयाबद्दल दोन देशांचा निर्णय वेगळा. आपल्याकडेही दोन डॉक्टर दोन मतं देऊ शकतात. दुसरं मत जरूर घ्या, पण सोयीचं उत्तर मिळेपर्यंत दारं वाजवत फिरू नका. कुस्ती, कबड्डीसारख्या अंगाला भिडणाऱ्या खेळांत यंत्राला मार लागण्याचा वेगळा विचार करावा लागतो. आनुवंशिक विकार निघाला तर भावंडांचे आणि आईवडिलांचेही ईसीजी काढा.

पिशवीत आणि पोटात काय जातं

सगळं तपासूनही झटके येतच असतील तर इथे बघा. प्री-वर्कआउट पावडर, एनर्जी ड्रिंक, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, दम्याचा पंप गरजेपेक्षा जास्त वेळा. कुस्ती आणि बॉक्सिंगमध्ये वजन उतरवायला पाणी तोडणं, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणं. यात पोटॅशियम खाली जातं आणि लय बिघडायला तेवढं पुरतं. जिममध्ये आणि भरतीच्या तयारीतल्या मुलांत फिरणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन तर मुळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. ते हृदयाला चाबूक मारतं आणि डोपिंगच्या यादीतही आहे. मुलाला हे आईवडिलांसमोर विचारू नका. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून विचारावं, खरं उत्तर तेव्हाच येतं. लाँग क्यूटी असलेल्यांना काही साधी औषधंही चालत नाहीत, उदाहरणार्थ ॲझिथ्रोमायसिन किंवा उलटीची ऑन्डान्सेट्रॉन. ती यादी पाकिटात हवी आणि घराजवळच्या केमिस्टकडेही.

बीटा ब्लॉकर बहुतेक खेळांत चालतं, पण नेमबाजी आणि तिरंदाजीत ते स्पर्धेबाहेरही बंदी असलेलं औषध आहे, कारण त्याने हात स्थिर राहतो. कोल्हापूरच्या रेंजवरचा किंवा साताऱ्याच्या तिरंदाजी केंद्रातला मुलगा असेल, तर गोळी लिहितानाच डॉक्टरांना खेळ कोणता ते सांगा. वैद्यकीय सवलतीचा अर्ज करता येतो, पण या दोन खेळांत ती सहज मिळेल असं धरून चालू नका. ॲब्लेशनचा विचार लवकर करायचं हे आणखी एक कारण.

परत उतरताना

पहिले दोन आठवडे हलका सराव, कुणाच्या तरी नजरेसमोर. पोहणाऱ्याने एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, सायकलपटूने घाटात एकट्याने जायचं नाही. मग पूर्ण तीव्रतेचा सराव, त्यानंतर स्पर्धा. प्रत्येक टप्प्याआधी डॉक्टरांचं लेखी पत्र घ्या: निदान, झालेले उपचार, चालू औषधं मात्रेसह, काय चालेल आणि काय नाही, झटका आला तर काय करायचं. त्याबरोबर शांत असतानाचा एक ईसीजी आणि झटक्याच्या वेळची ती पट्टी. बाहेरगावच्या स्पर्धेला तीन प्रती: एक मुलाच्या पिशवीत, एक सरांकडे, एक पालकांच्या मोबाइलवर. संघाबरोबर जाणाऱ्या सरांना आणि खोलीत सोबत राहणाऱ्या मुलाला काय आहे ते सांगून ठेवा. मुलं लपवतात, संघातून काढतील या भीतीने. आणि स्पर्धेच्या गावी उतरल्यावर, राहायची खोली बघण्याआधी, मैदानाजवळ ईसीजी कुठे निघतो ते विचारून घ्या.